फळेमास्तरांची पाठ

फळेमास्तरांचा चेहरा आठवायला मला जरा वेळ लागतो; पाठ मात्र लगेच आठवते. हिंगोलीच्या टेलिफोन कचेरीत मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. आम्ही ऑपरेटर बोर्डापुढे बसायचो आणि आमचे हे वरिष्ठ बोर्डाकडे पाठ करून, बाजूच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्याकडे तोंड करून बसायचे. मान डावीकडे वळवली की आधी त्यांचा पांढरा, इस्त्रीचा सदरा दिसायचा आणि त्यांच्या खांद्यावरून फळा. सहा वर्षांत त्यांनी बोर्डात दोरी खुपसून कुणाचा फोन जोडून दिल्याचं मी पाहिलं नाही. त्यांचं खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

फळ्यावर काय असायचं ते सांगायला हवं. तेव्हा गावाबाहेरचा फोन म्हणजे ट्रंक कॉल. तो एका गावच्या ऑपरेटरनं दुसऱ्या गावच्या ऑपरेटरच्या हाती द्यायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. फळ्याच्या डावीकडे गावांची नावं होती आणि उजवीकडे तिथं जायची वाट. परभणी, सरळ. वसमत, सरळ, नाही तर परभणीकडून. अकोला, वाशीमकडून. दर अर्ध्या तासाला मास्तर आजूबाजूच्या एक्स्चेंजमधल्या आपल्यासारख्याच माणसांकडे लाइन मागत आणि एकच प्रश्न विचारत, "वाट कशी हाय?" तिकडून कळायचं की अमुक तार तुटली, तमुक लाइनीवर खरखर आहे. आपल्याकडचं तेही सांगायचे. मग ओल्या फडक्यानं एखादी ओळ पुसायची आणि खडूनं नवी लिहायची. फळ्यावर हात फक्त त्यांचा. अक्षर असं की पंतोजींनी लाजावं.

आमचं काम त्याहून सोपं होतं, निदान त्यांच्या मते. बोर्डावरची बारीक झाकणी टपकन पडली की कुणीतरी बोलावतंय असं समजायचं. गाव विचारायचं, फळा पाहायचा, दोरी खुपसायची आणि विसरून जायचं. "जोडणाऱ्यानं विचार करू न्हाई," ते म्हणत, "आन् विचार करणाऱ्यानं जोडू न्हाई." मी नुकतीच बी.ए. झाले होते आणि विचार करणं हा आपला हक्क आहे अशा समजुतीत होते. एकदा मी त्यांना विचारलं की असं का. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल फळ्यावर टाकला आणि म्हणाले, "करा आता विचार." पाव तासात माझ्यापुढे सात झाकण्या पडल्या होत्या. आठव्या माणसाला अकोल्याला कुठून पाठवावं यावर मी स्वतःशीच वाद घालत होते आणि शेजारच्या रझियाआपा तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मास्तरांनी टॉवेल काढला. "फळा हळू चालला तर चालतं, बाई. हात थांबला का गाव मुकं होतं."

रझियाआपा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. त्यांना फळ्याबद्दल शंका नव्हती. "ऊपर देखनेका, दोरी डालनेका, पान खानेका," असा त्यांचा नोकरीचा सारांश होता आणि तो कुठल्याही नियमावलीपेक्षा नेमका होता.

एकदा वरून एक साहेब तपासणीला आले. वरिष्ठ माणूस कामाकडे पाठ करून बसतो हे पाहून त्यांना धक्का बसला. देखरेख म्हणजे काय यावर त्यांनी उभ्यानं भाषण केलं आणि टेबल बोर्डाच्या दिशेनं फिरवण्याचा लेखी हुकूम दिला. दुपारी शिपायानं टेबल फिरवलं. साहेबांची जीप फाटकाबाहेर पडल्यावर मास्तरांनी खुर्ची उचलून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ठेवली आणि फळ्याकडे तोंड करून बसले. हुकूम टेबलाचा होता. तो त्यांनी तंतोतंत पाळला आणि पुढे कधी मोडला नाही.

त्यांच्या या फळ्याच्या वेडाचं मूळ मला बरंच उशिरा कळलं. एका दुपारी डबा खाताना त्यांनी सांगितलं, आणि तेही अर्धंच. ते सेनगाव तालुक्यातले, गोरेगावच्या बाजूचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेण्याच्या आधी त्यांच्या वडिलांकडे गावकीचं सांगावे पोचवण्याचं काम होतं. कुणाच्या घरी मयत झालं की या गावचा निरोप त्या गावाला पायी न्यायचा. कागदात काय आहे ते विचारायचं नाही, आणि कुठल्या वाटेनं जायचं तेही पाटलानंच सांगायचं. एका पावसाळ्यात पाटलानं ओढ्याची वाट सांगितली. वडिलांना माळावरची वाट ठाऊक होती, पण बोलायची सोय नव्हती. ओढ्याला पाणी आलेलं. ते पोचले तेव्हा तिकडचे पाहुणे मातीला यायची वेळ निघून गेली होती. परत आल्यावर चावडीपुढे त्यांना जोड्यानं मारलं, उशीर केला म्हणून.

"चालणाऱ्याचे पाय त्याचे, वाट दुसऱ्याची," मास्तर म्हणाले. "हे असंच राहायचं, बाई, त्याला इलाज न्हाई. समद्यांनीच वाट ठरवली तर कागद पोचायचा न्हाई. पर वाट सांगणाऱ्यानं आधी वाट विचारावी. पाटलानं विचारली न्हाई." एवढं बोलून त्यांनी डबा बंद केला. अर्ध्या तासाची वेळ झाली होती.

त्यांचे आणखी दोन नियम होते. ते रजेवर गेले किंवा जेवायला उठले तरी फळा होता तसा ठेवायचा आणि त्यावर काम चालू ठेवायचं. "जुना फळा रिकाम्या फळ्याहून बरा." दुसरा नियम त्यांनी आम्हाला सांगायची गरज नव्हती, कारण तो फळ्यावर लिहिणाऱ्यासाठी होता, आणि लिहिणारे ते एकटेच. तरी ते अधूनमधून म्हणत, "शेजाऱ्याला सांगितल्याबिगर वाट बदलायची न्हाई." मला हे शिष्टाचाराचं वाक्य वाटायचं. लग्नाची अक्षत शेजारी द्यावी, तसं काहीतरी.

आणीबाणी उठल्यानंतरचा पावसाळा सरत आला होता. चार दिवस झोडपून त्या सकाळी ऊन पडलं होतं. मुंबईहून एक मोठे साहेब गावात यायचे होते. कशासाठी ते आता आठवत नाही. तेव्हाही फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या आधी त्यांचे स्वीय सहायक आले आणि विश्रामगृहात बसले. साहेब टेकण्याआधी मुंबईची लाइन तयार हवी, म्हणून सकाळपासून परभणीमार्गे मुंबईपर्यंत एक लाइन उघडी धरून ठेवली होती. तिच्यावर कुणी बोलत नव्हतं. मधूनच कुणीतरी खाकरायचं. परभणीला आमच्या लाइनी दोनच. दुसरी पहाटेच गेली होती आणि फळ्यावर तशी नोंद होती.

बाराच्या सुमारास सहायकांनी कळवलं की लाइनीवर खरखर आहे, इन्चार्जनं समक्ष येऊन खुलासा करावा. खरखर कानाला ऐकू येते. तिच्यासाठी माणूस समक्ष का लागतो हे मला आजतागायत कळलेलं नाही. मास्तरांनी खडू फळ्याच्या फळीवर ठेवला, "फळा हाय," एवढंच म्हणाले आणि सायकल काढून गेले.

ते गेले आणि पाचच मिनिटांत वसमतची सरळ लाइन मेली. चार दिवसांच्या पावसानं काळी माती ढिली झाली होती. कुठेतरी खांब आडवा झाला असणार. आणि तेवढ्यात माझ्यापुढची झाकणी पडली. सिद्धेश्वरच्या धरणावरचा कारकून बोलत होता. ओळखीचा आवाज, एरवी पाण्याची पातळी सांगताना जांभया देणारा.

"बाई, वसमतची तहसील कचेरी द्या, एकदम अर्जंट. वरून पाणी येऊन राहिलं. साडेबाराला गेट उचलायचे हायेत. खाली वसमतच्या अंगाला पात्रातल्या बेटावर धनगर उतरलेत, बायालेकरं, मेंढरं, समदं. इथून सायकलवर माणूस धाडला, पर नदी सायकलच्या आधी पोचते."

पाणी तिथं पोचायला किती वेळ, असं मी विचारलं. दीड तास, तो म्हणाला. आणि कचेरीतून माणसं निघून, चिखलातून जीप काढून, मेंढरं पाण्यातून काठाला आणायची तर तेवढा वेळही कमीच.

मी मान डावीकडे वळवली. आज पाठ नव्हती, नुसता फळा होता. वसमत, सरळ, नाही तर परभणीकडून. सरळ गेली होती. परभणीकडून जायचं तर मुंबईची ती उघडी लाइन तोडावी लागणार होती. ती तोडण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. धैर्य लागू नये म्हणून मी हुशारी वापरली. वाशीमच्या आमच्या तिन्ही लाइनी मोकळ्या होत्या. वाशीमहून अकोला, अकोल्याहून लांबचा वळसा घेऊन नांदेड, नांदेडहून वसमत. नकाशावर अगदी सुबक दिसतं. मी उठले, ओळ पुसली, मास्तरांचा खडू घेतला आणि लिहिलं: वसमत, वाशीमकडून. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला स्वतःचं कौतुक वाटलं.

मी वाशीमला दोरी लावली आणि वसमत मागितलं. वाशीमच्या ऑपरेटरनं बरं म्हटलं. मी कानाला यंत्र लावून ऐकत राहिले. पलीकडे घंटी वाजली. कुणीतरी उचललं. आवाज बाईचा, ओळखीचा. पण वसमतच्या बाया कोण कोण आहेत हे आठवण्यात माझे दोन क्षण गेले.

"थांबिए, लगाती हूँ," तो आवाज म्हणाला.

मग बराच वेळ काहीच नाही. धरणावरचा माणूस मधूनमधून "हॅलो, वसमत?" म्हणत होता. वाशीमचा ऑपरेटर म्हणाला, पुढच्या लाइनी बिझी आहेत, थांबा. मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं, अर्जंट आहे. तोही पुढे कुणाला तरी सांगत होता, अर्जंट आहे. शेजारी रझियाआपाही दोरी धरून कुणाला तरी सांगत होत्या, अर्जंट है. एक्स्चेंजमध्ये हे वाक्य दिवसातून शंभर वेळा कानावर पडतं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजून गेले.

मास्तर परत आले तेव्हा घामानं भिजले होते. विश्रामगृहात त्यांना वीस मिनिटं नुसतं उभं केलं होतं. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी फळा पाहिला आणि तसेच उभे राहिले.

"ही ओळ कुणाची?"

मी माझी म्हणून सांगितलं, आणि एका दमात बाकी सगळंही.

"वाशीमला सांगितलं व्हतं, का वाट बदलली?"

नव्हतं सांगितलं. ते रझियाआपांकडे वळले आणि विचारलं की तुमच्या दोरीवर कोण आहे. आपा म्हणाल्या, वाशीम. वसमत मागतंय, केव्हाचं. फळ्यावर वाशीमकडून लिहिलं होतं म्हणून मी ते वाशीमलाच परत दिलं.

तेव्हा मला तो बाईचा आवाज कुणाचा होता ते कळलं. वाशीमच्या फळ्यावर वसमतची वाट हिंगोलीकडून होती. त्यांनी माझा फोन इमानानं हिंगोलीला परत पाठवला आणि तो हातभर अंतरावर आपांपुढे पडला. आपांनी माझी ओळ पाहून तो इमानानं वाशीमला धाडला. तिथून तो पुन्हा आमच्याकडे यायला निघाला आणि लाइन नाही म्हणून थांबला, कारण तिन्ही लाइनी त्यानंच खाल्ल्या होत्या. पंचवीस मिनिटं आम्ही दोघी एकीशेजारी एक बसून, वाशीममार्गे, एकमेकींना अर्जंट म्हणत होतो.

"म्हंजे वसमत शोधत आपण आपल्याच दारी येऊन राहिलो," मास्तर म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तिन्ही काढा."

त्यांनी माझी ओळ पुसली आणि तिथं लिहिलं: वसमत, परभणीकडून. पुढे वेळ घातली. खाली सही केली. फळ्यावर सही मी पहिल्यांदाच पाहत होते.

"परभणीची दोरी काढा, बाई."

ती साहेबांची लाइन आहे, असं मी पुटपुटले.

"ठाऊक हाय. त्यायच्याच दारातून येऊन राहिलो. जीव गेला तरी लाइन तोडू नका म्हणले." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "कुणाचा जीव ते सांगितलं न्हाई."

माझा हात उचलेना. त्यांनी स्वतः पुढे होऊन ती दोरी उपटायला एक क्षण लागला असता. ते जागचे हलले नाहीत.

"बाई, वाट मी सांगून राहिलो. लिहिली हाय, खाली सही हाय. हात तुमचा, जबाब माझा."

मी दोरी काढली. लाइनीवर कुणीतरी खाकरत होतं. ते अर्ध्यात तुटलं. परभणीनं वसमत द्यायला मिनिटही लावलं नाही. धरणावरचा माणूस बोलू लागला आणि पलीकडच्या कचेरीत कुणीतरी खुर्ची मागे सारल्याचा आवाज मला इथं ऐकू आला.

लगेच विश्रामगृहाची झाकणी पडली. उचलली, पुन्हा पडली. रझियाआपांनी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी विचारलं, फळ्यावर काय लिहिलंय? आपा म्हणाल्या, वसमत. "मग वसमत," ते म्हणाले आणि बसले. पाठ पुन्हा जागेवर आली. नंतर पानाचा डबा उघडताना आपा माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मैं भी बोली, आज वाशीम को वसमत की इत्ती याद कायकु आ री?"

आपण जोडलेल्या फोनचं पुढे काय झालं हे ऑपरेटरला कधी कळत नाही. मला ते तिसऱ्या दिवशी कळलं, वसमतची सरळ लाइन उभी राहिल्यावर. तिकडचा ऑपरेटर गप्पांच्या ओघात सांगत होता की माणसं सगळी काठावर आली. लेकरं आधी काढली, मग मेंढरं. शेवटचा कळप आणत होते तेवढ्यात पाणी आलं आणि वीस-बावीस मेंढरं गेली. एक म्हातारा धनगर काठावर बसून एकेकीला नावानं हाका मारत होता. अजून पाव घंटा मिळाला असता तर तीही आली असती, असं तो ऑपरेटर सहज म्हणाला. तो पाव घंटा माझ्याकडे होता हे त्याला माहीत नव्हतं.

आठवड्यानं खुलासा मागणारा कागद आला. त्यात दोन प्रश्न होते: साहेबांची लाइन कुणाच्या हुकमानं तोडली, आणि तातडीचा निरोप पंचवीस मिनिटं का अडकला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी लिहीन, असं मी मास्तरांना जाऊन सांगितलं. त्यांनी आपला खुलासा माझ्यापुढे सरकवला. तो आधीच लिहून झाला होता. "फळा माझा आहे. त्यावर जे लिहिलं गेलं आणि त्याप्रमाणे जे जोडलं वा तोडलं गेलं, ते माझं."

हे खरं नाही, मी म्हटलं. ओळ माझी होती.

"मी खडू तिथंच ठेवून गेलो. शेजाऱ्याला सांगायचं असतं ते तुमाला फक्त ऐकवलं, शिकवलं न्हाई." त्यांनी कागदाची घडी घातली. "बापानं मार खाल्ला त्याची मला तकलीफ न्हाई, बाई. त्या पाटलानं एकदा जरी म्हणलं असतं, का वाट म्या सांगितली होती, तर बाप मरेस्तोवर पाय चोळत बसला नसता."

नोकरीच्या शेवटच्या वर्षात मला एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं. राउटर नावाच्या नव्या यंत्रांबद्दल एक तरतरीत मुलगा शिकवत होता. यंत्राचे दोन भाग असतात, तो म्हणाला. एक भाग शेजारच्या यंत्रांशी बोलून वाटा ठरवतो आणि तक्ता लिहितो. दुसरा विचार न करता तक्ता पाहतो आणि आलेला माल पुढे ढकलतो. पहिला भाग थोडा वेळ बंद पडला तरी दुसरा जुन्या तक्त्यावर काम चालू ठेवतो. हे सगळं तो अशा थाटात सांगत होता, जणू विलायतेत नुकताच सूर्य उगवला आहे. शेजाऱ्याला न कळवता तक्ता बदलला तर काय होतं, असं मी विचारलं. माल दोन यंत्रांमध्ये गोल गोल फिरतो, तो म्हणाला, आणि फेऱ्यांची मर्यादा संपली की टाकून दिला जातो. मग त्याचा जबाब कोण देतो, मी विचारलं. तो हसला. त्याला वाटलं, मावशी गंमत करतायत.

मास्तरांची बदली त्या खुलाशानंतर महिन्याभरात झाली, दूरच्या एका तालुक्याला, जिथं ते कुणाला ओळखत नव्हते. शेवटच्या दिवशी निरोप समारंभाला त्यांनी नको म्हटलं. पाच वाजता अखेरची चौकशी करून दोन ओळी बदलल्या, ओलं फडकं पिळलं आणि खडूसकट माझ्या हातात दिलं. काही शिकवण वगैरे दिली नाही. रझियाआपांनी दिलेलं पान मात्र खाल्लं, सहा वर्षांत पहिल्यांदा.

नवे इन्चार्ज यायला वेळ होता. तोवर फळा माझ्याकडे होता. दोन दिवस मी त्याला हात लावला नाही. त्यांच्या जुन्या ओळींवरच काम चालू ठेवलं आणि ते चाललंही. बोर्डापुढे बसून मी डावीकडे पाहायची आणि खडू फळीवर जसाच्या तसा दिसायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी झाकणी पडली. चार गावांच्या खरखरीतून आवाज आला.

"वाट कशी हाय?"

माझ्या तोंडून आधी दुसरंच निघालं. मास्तर, ती मेंढरं, असं मी सुरू केलं.

"बाई," ते म्हणाले, "मी वाट विचारून राहिलो."

मी फळ्याकडे पाहिलं. त्यावरच्या ओळी तीन दिवसांपूर्वीच्या होत्या. खरी वाट मला ठाऊक नव्हती, कारण मी कुणाला विचारलीच नव्हती. तसं मी सांगितलं.

"बराबर," ते म्हणाले. "अर्ध्या तासानं पुन्हा विचारतो."

मी कानाचं यंत्र काढून माझ्या जागी बसणाऱ्या बदली ऑपरेटरच्या हाती दिलं. मास्तरांच्या टेबलापाशी गेले, खुर्ची फळ्याकडे तोंड करून ठेवली आणि बसले. मग आपांना म्हटलं, आधी वाशीम द्या.